बद्रीनाथरावांची स्थळपाहणी

निवड करण्याचा अधिकार हा माणसाला मिळालेला सर्वांत मोठा अधिकार आहे. जनावराला भूक असते, झाडाला ऊन असतं, पण दोन गोष्टी समोर ठेवून, विचार करून, त्यांतली एक उचलणं हे फक्त माणसालाच जमतं, असं बद्रीनाथराव औताडे यांनी मंगळवारी सकाळी पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या दोन्ही हातांत एकेक दुधी भोपळा होता आणि ते बराच वेळ तसेच उभे होते.

"घ्यायचा तर घ्या, नाय तर ठिवा," भाजीवाली आवडाबाई म्हणाली. "दोन्हीला नखं मारून ठिवलीत. आता तुमच्याबिगर कोन घ्यील त्यास्नी?"

बद्रीनाथरावांनी दोन्ही घेतले. त्यांतला एक कडू निघाला. कोणता, हे दोन्ही चिरल्यावरच कळलं.

भोपळ्यावरून ते अधिकारावर घसरले त्याला कारण होतं. त्यांच्या मुलीला, गोदावरीला, डॉक्टरीला प्रवेश मिळाला होता आणि तोही दोन ठिकाणी. आधी डोंगरावरच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं. पेढे वाटून झाले, रिकामी खोकी माळ्यावर गेली, आणि तेवढ्यात शहरातल्या कॉलेजच्या प्रतीक्षायादीतला कुणीतरी पुण्याला निघून गेला नि गोदाचं नाव तिथंही वर सरकलं. आता शनिवारी संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत दोहोंपैकी एका ठिकाणी जातीनं हजर व्हायचं होतं. जिथं हजर होणार नाही तिथली जागा दुसऱ्याची.

डोंगरावरच्या त्या गावाला नाव होतं, पण पुंडलिकनगरात ते कुणी वापरत नसे. सगळे नुसतं 'डोंगरावरचं' म्हणत, आणि म्हणताना हात असा वर करत की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी शिकायला नव्हे, कायमचीच चालली आहे.

बद्रीनाथराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्यांनी ठरवलं, आधी रीतसर स्थळपाहणी करायची. खात्यात पाहणी कशाला म्हणतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. निर्णय आधी झालेला असतो. मग पाहणी होते, आणि पाहणीत त्या निर्णयाची कारणं सापडतात. बद्रीनाथरावांचाही निर्णय झालेला होता: गोदा शहरातच शिकणार आणि घरी राहणार. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा अर्धवटच सांगितलं होतं.

गोष्ट अशी होती की गोदाला प्रश्न पडत. लहान असल्यापासून पडत. गाईला जांभई येते का? उचकी नेमकी कुठून निघते? माणसाला स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत? संध्याकाळी बद्रीनाथराव पायरीवर टेकले की ती शेजारी येऊन बसे आणि दिवसाचा प्रश्न काढे. त्यांना उत्तर येत नसे. "उद्या सांगतो," असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांना विचारत. गाईच्या जांभईपायी पैठणच्या उपविभागाला त्यांनी फोनसुद्धा लावला होता. तर अशा मुलीला डोंगरावर पाठवायचं, म्हणजे संध्याकाळी पायरीवर बसून करायचं काय?

गल्लीत अर्थातच सल्ले सुरू झाले. निवृत्त नायब तहसीलदार तात्यासाहेब, ज्यांच्या घरी गल्लीतला एकमेव फोन होता, ते म्हणाले, "शहर ते शहर. उद्या पाटीवर कॉलेजचं नाव लिहायचं असतं, औताडे. डोंगर लिहून पेशंट येत नाही, फार तर गुराखी येईल."

चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कडूबा उलट्या बाजूचा. "साहेब, डोंगरावरची हवा लई भारी. माझ्या साडूला छातीचं दुखणं झालं तवा तिथंच ठिवला व्हता."

"बरा झाला?"

"नाय. पन हवा भारी म्हनत व्हता."

भिंतीला भिंत लागून राहणारे वहाबभाई घड्याळं दुरुस्त करत. ते एका डोळ्याला भिंग लावूनच बोलायचे, त्यामुळं त्यांचं बोलणं उगीच खोल वाटे. "बद्रीभाई," ते म्हणाले, "घडी लेने के पहले कान को लगा के देखते. तुम कालेज को कान लगाए क्या?"

खुद्द गोदाला काय हवं, हे रात्रीच्या जेवणावर आशाबाईंनी विचारलं. गोदानं भाकरीचा तुकडा हातात धरून विचार केला.

"मला दोन्ही चालतील. फक्त एवढं विचारून या, बाबा, तिथं एका प्रेतामागं मुलं किती असतात?"

"जेवताना!" आशाबाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे वीस मुलं असली तर मागच्याला काय दिसणार?"

बद्रीनाथरावांची थोरली बहीण साळूबाई पैठणकडून एस.टी.नं भाचीचं कौतुक करायला आली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि प्रकरण ताब्यात घेतलं.

"बद्री, पोरगी द्यायची तर आदी घर बघावं लागतं."

"आक्का, लग्न नाही, कॉलेज आहे."

"येकच हाय. तिकडंच जाऊन ऱ्हायाचं ना तिनं? मग. आन् घर बघाया आलो म्हनून जात्यात का कुठं? ते लगीच भांडी घासून ठिवत्यात, शेजाऱ्याची म्हस आपल्या दावनीला बांधत्यात. बैल इकत घ्याया आलो म्हनायचं. मग गोठा दिसतो, हीर दिसती, घरातल्या बाया कशा बोलत्यात ते कळतं. तुझ्या सासऱ्यानं तुला असाच तर बघितला."

"मला?"

"व्हय. दोन मानसं आली व्हती बैल बघाया. बैल नको म्हनले."

"आणि?"

"मंग तुला पसंत केलं."

ही माहिती बद्रीनाथरावांना पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी आशाबाईंकडं पाहिलं. आशाबाई भाजी वाढण्यात गुंतल्या होत्या.

"बैल खरंच चांगला नव्हता," त्या म्हणाल्या.

आता कॉलेजात कुठला बैल विकायला असतो, हा प्रश्न राहिला. तो वहाबभाईंनी भिंतीपलीकडून सोडवला. ती भिंत तशी पातळच होती. "दवाखाना है ना उनका! मरीज बनके जाव. पेट दुखता बोले तो अजवाइन देके भगाते. छाती बोलो. छाती बोले तो बैठने को मिलता."

बुधवारी बद्रीनाथराव शहरातल्या कॉलेजच्या दवाखान्यात रोगी म्हणून रांगेत उभे राहिले. सोबत रोग्याचा माणूस म्हणून वहाबभाई. बैल विकत घ्यायला जाणाऱ्यानं परगावी जायचं असतं, आपल्याच आळीत नव्हे, ही गोष्ट साळूबाई सांगायला विसरली होती. रांगेत पुढं कडूबाची बायको होती. तिच्या पुढं आवडाबाई होती, गुडघ्यासाठी. मागं खात्यातले दोन शिपाई होते आणि त्यांच्या मागं तात्यासाहेबांचा जावई.

"औताडेसाहेब! काय होतंय?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज? दवाखान्यात?"

"छातीत जरा..." बद्रीनाथराव ठरलेलं वाक्य बोलून गेले.

पुढचं वाक्य बोलायची त्यांना गरजच उरली नाही. ते रांगेतच तोंडोतोंडी वाढत गेलं. आवडाबाईनं जागा सोडली, शिपायांनी हाताला धरलं, तात्यासाहेबांचा जावई फोन शोधत पळाला. बद्रीनाथराव इतके शरमले की नंबर यायच्या आत वहाबभाईंना घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले आणि जीव शांत व्हावा म्हणून वाटेत उसाचा रस प्यायले.

घरी पोचले तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. तात्यासाहेब खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्याला "धीर धरा" म्हणत होते. आत साळूबाईनं गळा काढला होता. भाऊ समोर चालत आला तरी ती लगेच थांबली नाही. सूर लागला होता, तो तिनं जागेवर नेऊन सोडला. मग डोळे पुसून म्हणाली, "मिशीला काय लागलंय तुझ्या?"

"रस."

"लोकं हितं रडत्यात आन् तू रस पितो?"

लोकांचीही थोडी निराशाच झाली. बद्रीनाथराव आतल्या खोलीत जाऊन पडले. एका माणसाच्या जिवंत असण्याबद्दल त्यालाच माफी मागावी लागावी, हे त्यांना फार लागलं. शहरातल्या कॉलेजबद्दल त्यांना एवढंच समजलं होतं की पुंडलिकनगरात आजारी माणसं बरीच आहेत.

अर्थात त्यानं निर्णयात फरक पडत नव्हता. आता डोंगरावरच्या कॉलेजात चार खोटी काढल्या की काम झालं. शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं दोघं निघाले. घाट चढताना वहाबभाईंना मळमळलं, तेव्हा बद्रीनाथरावांना बरं वाटलं. पहिली खोट: घाट.

वर दवाखान्यात मात्र गर्दी बेताची होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. बद्रीनाथरावांना बाकावर बसवलं आणि पांढरा डगला घातलेली एक मुलगी समोर येऊन बसली. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, नाव शमशाद, मूळची जालन्याची.

"काका, छातीत कधीपासून दुखतंय?"

"मंगळवारपासून. होस्टेलला पाणी रोज येतं का?"

"एक दिवसाआड. दुखणं हातात उतरतं का?"

दुसरी खोट. "नाही उतरत. जेवणाचं कसं असतं?"

"वरण पातळ असतं. जिना चढताना दम लागतो?"

तिसरी. "नाही. आणि एका प्रेतामागं मुलं किती?"

शमशादची लेखणी थांबली. छातीत दुखणारा माणूस हे विचारतो म्हटल्यावर तिनं आवाज मऊ केला. "काका, तुम्ही असला विचार मनात आणू नका. काही होत नाही तुम्हाला."

"तसं नाही, सहज."

"इथं मुलं कमी आहेत. सगळ्यांना हात लावायला मिळतो. तुम्ही सदरा काढा बघू."

तिनं नळी कानाला लावली आणि छातीच्या डाव्या अंगाला टेकवली. मग जरा खाली. मग जरा बाजूला. अंगणात कानातली कुडी हरवल्यावर बाया शोधतात तशी ती शोधत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला.

"काका," ती शेवटी म्हणाली, "मला तुमचं हृदय सापडत नाहीये."

बद्रीनाथराव ताठ झाले. "बाई, मी इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीय. हृदयाशिवाय नाही केली."

"करते लोग," वहाबभाई म्हणाले.

"नाही हो काका, माझंच काहीतरी चुकतंय. मला येत नाहीये. सरांना विचारून येते."

बद्रीनाथराव सदरा मांडीवर घेऊन बसून राहिले. 'मला येत नाही, विचारून येते,' हे वाक्य त्यांनी खात्यात एकदाही ऐकलं नव्हतं. तिथं न येणाऱ्याला बढती मिळत असे. हे खोट म्हणून मोजावं की कसं, ते त्यांना ठरवता येईना.

सर आले. पिकलेले केस, चुरगळलेली विजार. त्यांनी नळी डावीकडं ठेवली, भुवई उचलली आणि नळी उजवीकडं नेली. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू जत्रेत चुकलेला भाऊच भेटला.

"शमशाद, तुझं काही चुकलेलं नाही. सगळ्यांना बोलव. काका, तुमचं हृदय उजवीकडं आहे."

"कुणाचं?"

"तुमचं. जन्मापासून. पोटातलंही सगळं बाजू बदलून आहे बहुतेक. घर उलट्या तोंडाचं बांधलंय, पण बांधकाम पक्कं. काळजीचं काही नाही."

"पण नोकरीला लागताना मला डॉक्टरांनी तपासलं होतं."

"तपासलं होतं?"

बद्रीनाथरावांनी आठवून पाहिलं. "सही केली होती," ते म्हणाले.

"आता सांगा, दुखतं नेमकं कुठं?"

बद्रीनाथरावांनी सवयीनं डाव्या छातीवर हात ठेवला.

"तिथं तर दुखायला काहीच नाही," सर म्हणाले, आणि स्टूल ओढून समोर बसले. "खरं सांगा. कशासाठी आलात?"

बद्रीनाथरावांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बैल बघायला."

वहाबभाईंनी कपाळाला हात लावला. सर मात्र हसले नाहीत. त्यांचे वडील शेतकरी असावेत. ते हळूच म्हणाले, "मुलगी कोणत्या यादीत आहे?"

मग सगळं सांगणं आलं. सरांनी ऐकून घेतलं. "मग राहा की आज. सकाळी एक्स-रे काढू, पोरं चार गोष्टी शिकतील. आणि तुम्ही गोठा बघा, विहीर बघा, काय विचारायचं ते विचारा. झाकलेलं काही नाही."

त्या दिवशी अख्खं कॉलेज बद्रीनाथरावांना ऐकून गेलं. मुलं पाच-पाचच्या टोळीनं येत, थंडगार नळी टेकवत आणि "अरे व्वा!" म्हणत. यंत्रावर हृदयाचा आलेख काढणाऱ्या माणसानं तारा तीनदा सोडून लावल्या, आणि आलेख उलटाच येतो म्हणून शेवटी यंत्राला शिवी दिली. खानावळीचा आचारी हात पुसत बघायला आला. त्याला वरण घट्ट करायला सांगावं असं बद्रीनाथरावांना वाटलं, पण उघड्या अंगानं तक्रार करता येत नाही. तोवर ते स्वतःच मुलांना सांगू लागले होते, "तिथं नाही बाळा, इकडं. हां. आता श्वास धरू का सोडू?"

वहाबभाईंनी पोस्टातून तात्यासाहेबांना फोन लावला. आवाज तुटत होता. "फिकर नक्को करो साब. बद्रीभाई एकदम ठीक है. खाली दिल अपनी जगह पे नहीं निकला. दवाखाने में रख लिए."

तात्यासाहेबांनी त्यातलं शेवटचं तेवढं घरी पोचवलं.

शनिवारी पहिल्या गाडीनं आशाबाई, गोदा आणि साळूबाई निघाल्या. आशाबाईंनी दशम्या घेतल्या. गोदानं प्रमाणपत्रांची पिशवी घेतली. आज शनिवार आहे हे तिला एकटीलाच आठवत होतं. घाटभर ती खिडकीबाहेर बघत होती आणि एकही प्रश्न विचारत नव्हती, त्यामुळं आशाबाई जास्तच घाबरल्या.

त्या वॉर्डात शिरल्या तेव्हा खाटेभोवती मुलांचं कडं होतं. साळूबाईनं दारातच सूर लावला. गोदा कडं फोडून आत घुसली. बद्रीनाथराव उघडे बसले होते, गळ्यात सदरा, आणि एका मुलाच्या हाताला धरून आपल्या बरगड्या दाखवत होते.

"बाबा! दुखतंय का?"

"नाही गं."

"मग?"

ते शमशादनं सांगितलं. साळूबाईचा सूर अर्ध्यावर राहिला. ती म्हणाली, "उजवीकडं? आमच्या आईला कसं नाय कळलं?" आशाबाई खाटेच्या कडेवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बैलच घ्यायला पाहिजे होता माझ्या बाबांनी."

गोदाच्या चेहऱ्यावरची भीती मात्र ओसरत गेली आणि तिच्या जागी हळूहळू दुसरंच काही चढलं. बद्रीनाथराव ते ओळखत होते. पायरीवर रोज बघत होते.

"मग जेवण कुठल्या बाजूनं जातं? बाबा डावखुरे नाहीत, ते कसं? आणि पोटात असताना शरीराला कळतं कसं, डावं कोणतं नि उजवं कोणतं?"

सरांनी पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं दिलं. तिसऱ्याला ते थांबले, केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "हे मलाही नीट माहीत नाही. शोधून बघू या आपण."

'उद्या सांगतो.' अगदी तेच. फक्त बद्रीनाथरावांच्या ऐवजी हे दुसरंच कुणी म्हणत होतं, आणि ज्याला विचारायचं तो पैठणचा उपविभाग नव्हता. बद्रीनाथरावांना छातीत कळ आल्यासारखं वाटलं. या खेपेला उजवीकडं.

तेवढ्यात वहाबभाई धावत आले. समोरच्या स्थानकात ते पान खायला गेले होते. "बद्रीभाई, ग्यारा की गाडी लगी! शहर का कालेज पकडना है तो अब्बीच निकलना पडता. ये गई तो फिर शाम तक कुछ नहीं."

सगळे बद्रीनाथरावांकडं बघू लागले. त्यांच्याजवळ खोटी तयार होत्या: घाट, पाणी, वरण. खात्यात याहून कमी खोटींवर अख्खा पूल रद्द झालेला त्यांनी पाहिला होता. एक शब्द बोलले असते तर गोदा उठली असती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांना दिसलं की गोदा गाडीकडं बघतच नव्हती. ती शमशादच्या गळ्यातल्या नळीकडं बघत होती. "मी ऐकू का एकदा?" असं ती विचारत होती, आणि शमशाद ती काढून तिच्या कानांना लावून देत होती.

बाहेर कंडक्टरनं घंटी मारली. अशा वेळी बापानं काहीतरी मोठं बोललं पाहिजे, निदान मुलीला नंतर आठवेल असं. बद्रीनाथरावांनी गळ्यातला सदरा बाजूला केला आणि आवाज जरा जड केला.

"गोदा, ठरवायचं ते तू ठरव. आमचं म्हणणं असं काही नाही. निवड करण्याचा अधिकार हा माणसाला मिळालेला सर्वांत मोठा अधिकार आहे. जनावराला भूक असते, झाडाला ऊन असतं, पण दोन गोष्टी समोर ठेवून, विचार करून..."

गाडी स्थानकातून निघाली. वळणावर तिचा भोंगा वाजला आणि घाटात उतरत गेला. गोदानं मान वर केली नाही. डोळे मिटून, नळी बापाच्या छातीच्या उजव्या अंगाला टेकवून, तिनं मोकळ्या हाताचं एक बोट उचललं.

"बाबा, जरा गप्प बसता का? ऐकू येईना."